यवतमाळच्या वावरात कॉफी होईल का? मामूंच्या दोन एकरांचं उत्तर चिखलदऱ्यात सापडलं

नोव्हेंबरमधली गोष्ट. जुम्म्याच्या नमाजनंतर मामूंचा फोन आला. आवाजात वेगळाच जोश होता. "कापूस बस झाला आता. दोन एकरात कॉफी लावतो. एजंट घरी येऊन सगळं समजावून गेला."

मामूंचं वावर यवतमाळपासून पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. काळी जमीन. विहीर एक, तीही मार्चनंतर तळ दाखवते. चाळीस वर्षं त्यांनी कापूस आणि तूर घेतली. बोंडअळी, अवकाळी पाऊस, पडलेले भाव, सगळं पाहून झालंय. अशा माणसाला कुणी मोबाइलवर हिरव्यागार बागेचा व्हिडिओ दाखवला आणि "एकरी चार लाख, माल घ्यायची हमी आमची" असं सांगितलं, तर त्याचं मन वळणारच. एका रोपाचे ८० रुपये. एकरी १,२०० रोपं, म्हणजे दोन एकरांची २,४००. हिशेब १ लाख ९२ हजारांचा, त्यातले अर्धे आगाऊ. हे पैसे मामूंनी धाकट्या लेकीच्या निकाहसाठी बाजूला ठेवले होते.

आम्ही मामूंना नाही म्हणालो नाही. इतकंच म्हणालो, "पैसे देण्याआधी कॉफीचं झाड एकदा डोळ्यांनी पाहू या. कर्नाटकात जायची गरज नाही. आपल्या वऱ्हाडातच आहे."

मामूंना वाटलं आम्ही मस्करी करतोय. पण खरंच आहे. महाराष्ट्रात कॉफीसाठी ओळखली जाणारी जागा एकच, आणि ती आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे: चिखलदरा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मामू, मुमानी आणि आम्ही दोघं असे चौघं निघालो. तिथे जे पाहिलं, ते आमच्यासारख्या शेती असलेल्या आणि नसलेल्याही घरांच्या कामाचं आहे, म्हणून इथे मांडतोय.

वऱ्हाडातून गाविलगडच्या डोंगरात

यवतमाळहून नेर, नांदगाव खंडेश्वर, बडनेरा करत अमरावती. तिथून अचलपूर-परतवाडा आणि पुढे घाट. सगळं मिळून साधारण पावणेदोनशे किलोमीटर. फजरनंतर निघालो तर अकराच्या सुमारास वर पोहोचलो.

अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर. वऱ्हाडच्या इमादशाहीची ही राजधानी. गावाबाहेरचा हौज कटोरा आजही पाहता येतो. इथून पुढे सातपुड्याचे डोंगर चालू होतात, त्यांनाच गाविलगडचे डोंगर म्हणतात. गाविलगड किल्ला बहमनी सुलतान अहमदशाह वली याने १४२५ मध्ये बांधला असं सांगतात. किल्ल्यावर जुनी मशीद आहे. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. पुढे १८२३ मध्ये हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनला चिखलदऱ्याची जागा सापडली, अशी नोंद आहे. इंग्रजांना इथली थंड हवा आवडली, बंगले झाले, आणि त्यांच्याच काळात इथे कॉफीची झाडं आली.

हे सांगायचं कारण असं, की चिखलदऱ्याची कॉफी ही कुठल्या नव्या योजनेतून आलेली नाही. ज्यांनी ती लावली त्यांनी आधी जागा निवडली. खाली अचलपूरच्या कापसाच्या पट्ट्यात त्यांनी ती लावली नाही. हजार-अकराशे मीटर उंचीवर नेऊन लावली. मामूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आम्हाला तो घाट चढतानाच मिळालं होतं. फक्त ते कळायला पुढचे चार तास लागले.

बाग म्हटलं तर बाग, जंगल म्हटलं तर जंगल

ज्या घरी आम्ही गेलो त्यांनी नाव छापू नका अशी विनंती केली. "नाव छापलं की लोक फोटो काढायला येतात अन् फांद्या मोडून जातात," घरचे भाऊ म्हणाले. म्हणून नाव देत नाही. दीड एकराची बाग, घरात भाऊ, वहिनी, भाऊंच्या आई म्हणजे आजी आणि बारावीतला मुलगा. वेचणीला दोन कोरकू बाया येतात. बस, एवढाच कारभार.

मामू बागेत शिरले आणि थबकले. व्हिडिओत त्यांनी सरळ रांगा पाहिल्या होत्या, उघड्या आभाळाखाली, आपल्या कापसासारख्या. इथे डोक्यावर सिल्व्हर ओक, जांभूळ, आंबा, फणस. त्या सावलीत माणसाच्या खांद्याएवढी कॉफीची झाडं. पानं गडद हिरवी, चकचकीत. फांद्यांना पेराजवळ फळांचे झुबके, काही हिरवी, काही पिवळट, काही बोरासारखी लाल. खाली पायाचा घोटा बुडेल इतका पालापाचोळा.

"हे झाड सावलीतलं हाय चाचा," भाऊ मामूंना म्हणाले. "वरची झाडं तोडली तं उत्पन्न एक-दोन वर्ष वाढल्यासारखं वाटते. मंग झाड वाळाले लागते."

कॉफीचं मूळ घर इथिओपियाच्या डोंगरातलं जंगल. मोठ्या झाडांखाली वाढणारं हे झुडूप. भारतात म्हणूनच बहुतेक बागा सावलीतल्या आहेत. सावली गेली की ऊन तर लागतंच, शिवाय खोडकिडा वाढतो. पांढरा खोडकिडा नावाची ही कीड अरेबिका जातीच्या खोडात शिरून झाड आतून पोखरते. तिला उघडं, तापलेलं खोड आवडतं. म्हणजे सावली हा इथे खर्च नाही, औषध आहे. आणि ही सावलीची झाडं कॉफी लावायच्या आधी काही वर्षं वाढलेली असावी लागतात. एजंटच्या व्हिडिओत सावलीचा उल्लेखही नव्हता.

मग आपल्या यवतमाळला का नाही?

हा प्रश्न मामूंनी सरळ विचारला. भाऊ हसले नाहीत. त्यांनी एकेक मुद्दा मातीवर काडीने रेघ मारत सांगितला. त्यात आम्ही आमची थोडी माहिती घालून सोप्या भाषेत देतो.

उंची आणि उष्णता. कॉफीच्या दोन मुख्य जाती. अरेबिकाला भारतात साधारण १,००० ते १,५०० मीटर उंची आणि १५ ते २५ अंश तापमान मानवतं. रोबस्टा जरा काटक, ५०० ते १,००० मीटर आणि २० ते ३० अंशांत चालते. यवतमाळ शहर साडेचारशे मीटरच्या आसपास आहे आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना जातो. इतक्या उन्हात कॉफीची पानं करपतात, कळी फुलायच्या आधी वाळते. सावली देऊन चार-दोन अंश कमी होतील, पंधरा होणार नाहीत.

पाऊस. चिखलदऱ्याला वर्षाला सरासरी दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे त्याहून बराच कमी. पण नुसता आकडा महत्त्वाचा नाही. कॉफीला मार्च-एप्रिलमध्ये एक चांगली सर लागते. त्या सरीनंतर आठ-दहा दिवसांत झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं, मोगऱ्यासारखा वास येतो. दक्षिणेत हा पाऊस बऱ्याचदा पडतो. चिखलदऱ्यात त्याचा भरवसा नाही, म्हणून भाऊ उन्हाळ्यात पाइप ओढून झाडांवर पाणी मारतात. आणि उन्हाळ्यात चिखलदऱ्यालाही पाणीटंचाई असते. आमच्या मामूंच्या विहिरीची मार्चमधली हालत तर सांगितलीच.

माती. कॉफीला पाणी निचरून जाणारी, पालापाचोळ्याने भुसभुशीत झालेली, किंचित आम्ल माती लागते. आपली काळी माती कापसाला सोनं, पण ती चिकण आहे, पावसात पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि तिचा कल आम्लापेक्षा चुनखडीकडे. कॉफीच्या बारीक मुळांना या दोन्ही गोष्टी मारक.

वेळ. आज रोप लावलं तर पहिलं फळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तोपर्यंत खत, पाणी, छाटणी, मजुरी, सगळं खिशातून. मामूंचं वय ६१.

मामू बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मंग त्याच्या व्हिडिओत ते झाडं कुठचे होते?"

भाऊंनी मोबाइल हातात घेऊन व्हिडिओ पाहिला. "चाचा, मागं धुकं दिसते पहा. यवतमाळले मे महिन्यात धुकं पडते का?"

लाल फळापासून भुकटीपर्यंत

वेचणी चालू होती. वहिनींनी मुमानींच्या कमरेला एक टोपली बांधली आणि दोघी कामाला लागल्या. मुमानींचा हात कापूस वेचून तयार झालेला. त्यांना वाटलं झुबकाच ओढायचा. वहिनींनी हात धरला. "फक्त लाल. हिरवं आलं तर सगळ्या भाजणीला तुरट चव येते." एकाच फांदीवरची फळं एका दिवशी पिकत नाहीत. म्हणून त्याच झाडाकडे तीन-चार वेळा यावं लागतं. अरेबिकाची वेचणी नोव्हेंबर ते जानेवारी चालते, रोबस्टाची त्यानंतर.

आम्ही एक लाल फळ दाताने फोडलं. वर पातळ गोड गर, आत चिकट थर, त्यात समोरासमोर सपाट बाजू लावून बसलेल्या दोन बिया. ह्या बिया म्हणजेच आपण ज्याला कॉफीचे दाणे म्हणतो ते. जुन्या मराठीत यांना 'बुंद' किंवा 'बुंददाणे' म्हणत. हा शब्द अरबी 'बुन्न' वरून आलेला. कधी कधी फळात एकच गोल दाणा असतो, त्याला पीबेरी म्हणतात.

इथून पुढे दोन वाटा आहेत. पहिली धुण्याची: फळाचा गर यंत्राने काढायचा, बिया दिवस-दीड दिवस पाण्यात आंबवून चिकट थर सोडवायचा, धुवायच्या आणि वाळवायच्या. याने चव स्वच्छ आणि हलकी आंबट येते, पण पाणी भरपूर लागतं. दुसरी वाट सुकवण्याची: फळ जसंच्या तसं उन्हात दोन-तीन आठवडे वाळवायचं, खारकेसारखं काळं कडक झालं की कांडून साल काढायची. याला पाणी लागत नाही. भाऊंकडे पाणी कमी, म्हणून बहुतेक माल ते असाच वाळवतात. गच्चीवर पातळ थर पसरलेला होता आणि आजी दर तासाला उठून लाकडी फावड्याने तो उलटापालटा करत होत्या. रात्री दव पडतं म्हणून झाकायचं, सकाळी उघडायचं. एक दिवस आळस केला की बुरशी धरते आणि महिनाभराची मेहनत वाया.

दाण्यात ११ टक्क्यांच्या आसपास ओल राहिली की वाळवण पूर्ण झालं असं धरतात. आजींकडे मशीन नाही. त्या दाणा दाताखाली धरतात. "दबला तं अजून ओला, टणक लागला तं झाला."

मग भाजणी. लोखंडी कढईत मंद आचेवर, हात एक क्षणही थांबवायचा नाही. हिरवट दाणा आधी पिवळा होतो, भाकरी भाजल्यासारखा वास येतो, मग तपकिरी. साधारण २०० अंशांच्या आसपास दाणे लाह्यांसारखे तडतडतात. ती तडतड ऐकून आजी ठरवतात की कधी उतरवायचं. उतरवलेले दाणे लगेच सुपात पसरून थंड करायचे, नाहीतर आतल्या उष्णतेनेच ते जळतात.

हिशेब वहीतला

मामूंनी आता मुद्द्याचं विचारलं. "पैसा किती सुटतो?"

भाऊंनी वही काढली. बागेत आता जिवंत झाडं सहाशेच्या आसपास. बऱ्या वर्षी झाडामागे सरासरी दीड किलो फळ, म्हणजे ९०० किलो. सहा किलो फळातून एक किलो वाळलेला दाणा निघतो, म्हणजे १५० किलो. भाजताना ओल उडून वजन आणखी घटतं, हातात येते सव्वाशे किलोच्या आसपास कॉफी. ती ते घरी येणाऱ्या लोकांना आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांना हजार रुपये किलोने देतात. वर्षाचे सव्वा लाख. त्यातून वेचणीची मजुरी, खत, पाणी, सरपण, पाकिटं वजा केली की निम्म्याच्या जवळ राहतात. तेही बऱ्या वर्षी. वानरांनी फांद्या मोडल्या किंवा मार्चमध्ये पाणी कमी पडलं की तेवढेही नाहीत.

"एवढ्यावर घर चालते?" मुमानींनी विचारलं.

"नाही चालत," वहिनी म्हणाल्या. "दोन खोल्या पाहुण्यांना देतो म्हणून चालते."

म्हणजे कॉफीला योग्य असलेल्या डोंगरात, तयार सावलीत, घरच्या चार माणसांनी राबून, वेचणीपासून पाकिटापर्यंत सगळं स्वतः करून दीड एकरात हे उत्पन्न. आणि आमच्या मामूंना ४५ अंशांच्या उन्हात, काळ्या मातीत, पहिल्याच लागवडीला "एकरी चार लाख" सांगितले होते.

या घराचीही आपली चिंता आहे. चिखलदऱ्याला काचेच्या स्कायवॉकचं काम निघाल्यापासून जमिनीचे भाव चढले, असं भाऊ सांगतात. रिसॉर्टवाले येऊन जातात. मुलगा बारावीनंतर अमरावतीला शिकायला जाणार. "तो परत आला तं बाग राहते. नाही आला तं..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. आजी मात्र कढईकडे पाहतच म्हणाल्या, "त्याच्या आजोबांनी लावलेलं झाड हाय. माझ्यासमोर तं नाही तुटत."

कहवा: हा वारसा आपलाही आहे

जोहरची वेळ झाली तेव्हा आजींनी स्वतःहून धुतलेली चटई आणून फणसाखाली टाकली आणि पश्चिम कुठली ते दाखवलं. नमाजनंतर वहिनींनी कॉफी आणली. गूळ घातलेली, दूध कमी. मुमानींनी पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, "ही तर आपल्या पाकिटातल्यासारखी लागतच नाही."

ज्या पेयाला आज आपण हॉटेलातली इंग्रजी चीज समजतो, ते जगाला मिळालं येमेनमधून. पंधराव्या शतकात तिथले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागं राहायला कहवा पीत. 'कॉफी' हा शब्दच अरबी 'कहवा' वरून तुर्कीमार्गे युरोपात गेला. येमेनचं मोखा बंदर या व्यापाराचं केंद्र होतं. त्या बंदराचं नाव आजही कॉफीच्या मेनूवर 'मोका' म्हणून दिसतं.

हे पेय लगेच सगळ्यांनी स्वीकारलं असंही नाही. १५११ मध्ये मक्केचा अधिकारी खैर बेग याने कहव्यावर बंदी आणली होती. चर्चा झाल्या, मतभेद झाले, बंदी टिकली नाही. शतक संपायच्या आत इस्तंबूलमध्ये कहवाखाने गजबजले होते.

भारतात कॉफी कशी आली याची कथा कर्नाटकात घरोघर सांगतात. साधारण १६७० च्या सुमारास बाबा बुडन नावाचे सूफी हजहून परतताना मोख्याहून सात बिया घेऊन आले आणि चिक्कमगळूरजवळच्या चंद्रगिरी डोंगरात त्यांनी त्या लावल्या, अशी ती लोकपरंपरा. अरब व्यापारी उगवणारं बी देशाबाहेर जाऊ देत नसत, भाजलेला किंवा उकळलेला दाणाच विकत, असंही सांगतात. त्या डोंगराला आज बाबा बुडनगिरी म्हणतात. तिथल्या स्थानाला मुस्लिम दर्गा मानतात, हिंदू दत्तपीठ मानतात. त्यावरून वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले हे दुर्दैव. पण शेकडो वर्षं दोघंही तिथे जात आले, हेही तेवढंच खरं.

बाबा बुडन यांनी सातच बिया आणल्या असतील किंवा जास्त, पण कथेतली एक गोष्ट शेतकऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी त्या बिया वाटेत दिसेल त्या जमिनीत टाकल्या नाहीत. डोंगर निवडला. आज देशातली साधारण ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते, आणि देशातल्या ९८ टक्क्यांहून जास्त बागा १० हेक्टरपेक्षा लहान आहेत. म्हणजे कॉफी हे मोठ्या साहेबांच्या मळ्यांचंच पीक नाही, ते छोट्या घरांचं पीक आहे. पण डोंगरातल्या छोट्या घरांचं. आंध्रच्या अराकू खोऱ्यात आदिवासी कुटुंबांनी कॉफीत नाव कमावलं, तेही पूर्व घाटाच्या उंचीवर, जंगलाच्या सावलीत.

मामूंनी काय ठरवलं

परतीच्या वाटेवर घाट उतरेपर्यंत मामू गप्प होते. परतवाड्याला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "कॉफी आपल्या वावरात होत नाही, हे समजलं. पण त्या बाईची एक गोष्ट डोक्यात बसली. ती फळ विकत नाही. भाजून, दळून, पाकीट करून विकते."

हाच आमच्या मते या प्रवासाचा सगळ्यात मोठा नफा. यवतमाळचा शेतकरी पिढ्यान् पिढ्या कच्चा माल विकत आला. कापूस जिनिंगला जातो, तिथे रुई आणि सरकी वेगळी होते, पुढचा पैसा पुढच्यांचा. तूर व्यापाऱ्याला जाते आणि तीच डाळ होऊन आपल्या दुकानात दुप्पट-तिप्पट भावाने परत येते. चिखलदऱ्याच्या त्या घराकडे आपल्यापेक्षा जमीन कमी, पाणी कमी. तरी ते टिकून आहे, कारण शेवटच्या पाकिटापर्यंतचं काम त्यांनी स्वतःच्या हातात ठेवलं.

तूर तर मामूंच्या वावरात होतेच. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली 'पीकेव्ही मिनी दाल मिल' विदर्भात अनेक गावांत चालते. शंभर किलो तुरीतून साधारण ७० किलो डाळ निघते, वर चुनी जनावरांना. मामूंनी ठरवलंय की यंदा पाच-सहा क्विंटल तूर गावाजवळच्या अशा मिलमधून भरडून घ्यायची, मुमानी आणि दोन्ही लेकी पाकिटं करतील, आणि रमजानच्या आधी नातेवाइकांत आणि मोहल्ल्यात विकून पाहायची. यात लाखो मिळतील असं कुणी म्हणत नाही. पण निकाहचे पैसे जागेवर आहेत, अलहमदुलिल्लाह.

कोणतंही नवं पीक विकायला कुणी आलं, तर हे विचारा

इमू पालन, कडकनाथ कोंबडी अशा खरेदीच्या हमीच्या योजनांत महाराष्ट्रातले किती शेतकरी बुडाले ते आपण पाहिलंय. म्हणून पैसे देण्याआधी एवढं कराच:

१. हे पीक माझ्या तालुक्यात, माझ्यासारख्या जमिनीवर, किमान पाच वर्षांपासून कुणाकडे उभं आहे? त्याच्या वावरात नेऊन दाखवा म्हणा. व्हिडिओ चालणार नाही.

२. त्या शेतकऱ्याशी एजंट नसताना एकट्याने बोला. माल कुणाला विकला, पैसे कधी मिळाले, पावती आहे का ते पाहा.

३. माती तपासून घ्या. कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जाऊन त्या पिकाबद्दल विचारा. कॉफीसाठी केंद्र सरकारचं कॉफी बोर्ड बेंगळुरूला आहे, १९४२ पासून. शिफारस नसलेल्या पिकाला बँकेचं कर्ज आणि पीक विमा मिळेल का, हेही आधीच विचारा.

४. खरेदीची हमी स्टॅम्प पेपरवर असली तरी ती देणाऱ्याचं ऑफिस कुठे, कधीपासून, हे जाऊन बघा. पीक चार वर्षांनी येणार असेल तर तेव्हा तो माणूस असेल का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

५. "आजच पैसे दिले तर सूट" असं कुणी म्हणालं, तर त्या दिवशी पैसे देऊ नका. घरात, विशेषतः घरच्या बायकांशी बोला. आमच्या घरी पहिला संशय मुमानींनाच आला होता.

चिखलदऱ्याला जाणार असाल तर

कॉफीची बाग पाहायला नोव्हेंबर ते जानेवारी चांगला काळ, लाल फळं आणि वाळवण दोन्ही दिसतं. सकाळी थंडी कडक असते, मुलांना स्वेटर घ्या. घाटात धुकं असलं तर गाडी हळू. परिसर मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे, तेव्हा संध्याकाळनंतर जंगलाच्या रस्त्यावर गाडीतून उतरू नका. बाग कुणाच्या तरी घराची असते. आधी विचारून आत जा, फांदीला हात लावू नका, प्लास्टिक परत आणा. जेवणाचं हलाल हवं असेल तर परतवाडा-अचलपूरला सोय होते, वर जाताना डबा घेतलेला बरा.

कॉफी घेताना पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच पाकिटांत चिकोरी नावाच्या मुळाची भुकटी मिसळलेली असते. ती बेकायदा नाही. नियमानुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि चिकोरीचं प्रमाण लिहिलेलं हवं. पण पैसे कॉफीचे देताय की चिकोरीचे, हे तुम्हाला माहीत असावं.

घरी करायला मशीन लागत नाही. एका कपाला दोन लहान चमचे ताजी दळलेली कॉफी, उकळून अर्धा मिनिट थांबवलेलं पाणी, वर झाकण, चार मिनिटं मुरू द्या आणि गाळा. आवडत असेल तर वेलदोडा ठेचून घाला.

आम्ही आणलेलं अर्धा किलोचं पाकीट मामूंच्या घरी आहे. पाहुणे आले की मामू स्वतः कहवा करतात आणि चिखलदऱ्याची गोष्ट सांगतात. गेल्या आठवड्यात तोच एजंट पुन्हा आला होता. मामूंनी त्याला बसवलं, कप दिला आणि विचारलं, "बेटा, तू कॉफीचं झाड कधी पाहिलंस का?"

त्याने पाहिलेलं नव्हतं.